लायलची जागा आणि माझी करसवलत

सरकारी फॉर्म भरण्यात माझा हात धरेल असा माणूस आमच्या गावात नाही. गाव सोडा, अख्ख्या काउंटीत नाही! मासेमारीचा परवाना, शिकारीचा परवाना, कुत्र्याच्या गळ्यातला बिल्ला, काहीही असो, लोक माझ्या दुकानात येतात आणि म्हणतात, "ऑरिन, जरा नजर टाकतोस का?" मी चष्मा चढवतो, पेनाचं टोपण दातात धरतो आणि पाच मिनिटांत फॉर्म हातावेगळा करतो. एकाचा घटस्फोटाचा अर्ज तर मी इतका सुबक भरला होता, की न्यायाधीशांनी तो भर कोर्टात उंच धरून दाखवला म्हणे! त्याच्या बायकोने त्या दिवसापासून माझ्याशी बोलणं टाकलं, पण अक्षराला नावं ठेवली नाहीत.

तर एप्रिलमध्ये राज्याच्या करखात्याचा तो निळा फॉर्म हातात पडला तेव्हा मी व्हर्नाला म्हणालो, "नवा हीटर आला म्हणून समज!"

व्हर्ना म्हणजे माझी बायको. ती दुकानाच्या गल्ल्यावर कोट घालून बसली होती. एप्रिल असला तरी आमच्याकडे तळ्यावरचा बर्फ अजून गेलेला नव्हता, आणि तळघरातला हीटर आमच्या लग्नाच्याही आधीचा. चालू केला की खोकतो आणि बंद केला की कण्हतो. गरम करणं हे आपलं काम आहे हे तो केव्हाच विसरलाय.

"हीटर आला की कोट काढीन," व्हर्ना म्हणाली. ती मुळात कमी बोलते, आणि जे बोलते ते सगळं मला उद्देशून असतं.

आमचं दुकान बोटीच्या मोटरी, गवत कापायची यंत्रं आणि बर्फावरच्या गाड्या दुरुस्त करायचं. दुकान माझं, पण दुरुस्ती लायल टोलेफसनची. मला पान्यांची नावं येतात, पण पाना हातात धरला की कुठलीही मोटर माझ्या हातून कायमची शांत होते. लायलचं तसं नाही. तो मोटरीपाशी नुसता जाऊन उभा राहिला तरी ती लाजून चालू होते! हा लायल नॅशनल गार्डमध्ये आहे. म्हणजे महिन्यातले दोन दिवस सैनिक आणि बाकीचे दिवस मेकॅनिक. मार्चमध्ये त्याच्या तुकडीला हुकूम आला: दहा महिने कुवेत.

आता राज्याचा नियम असा, की सैनिकाला असं बोलावणं आलं तर त्याच्या त्या पगारावर राज्याचा कर नाही. आणि त्याच्या मालकाने जर लष्कराचा पगार आणि दुकानाचा पगार यांतला फरक भरून दिला, शिवाय त्याची नोकरी त्याच्यासाठी राखून ठेवली, तर मालकालाही करात चांगली घसघशीत सवलत. मी फरक द्यायला तयार. नोकरी राखायला तर एका पायावर तयार! लायल गेला तर मोटरी कोण दुरुस्त करणार? सवलतीत हीटर बसतो का ते मी पेन्सिलीने बघितलं. बसत होता, वर एक नवी चिमणीही येत होती.

फक्त एकच शंका होती. मधल्या दहा महिन्यांत लायलच्या जागी दुसरा तात्पुरता माणूस घेतलेला चालेल की नाही? फॉर्मच्या खाली "शंका असल्यास" म्हणून एक नंबर होता. मी फोन लावला. पलीकडे करखात्याचे मिस्टर प्रिबिल म्हणून कोणी होते.

"मी सगळे नियम सांगू का तुम्हाला?" प्रिबिल म्हणाले. "दहा मिनिटं लागतील."

आता आमच्याकडे कोणी काही देऊ केलं तर पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा "बरं, थोडंसंच" म्हणत ताट पुढे करायचं. मग तो केक असो, कॉफी असो की किडनी असो! पहिल्याच वेळी हो म्हणणाऱ्या माणसाला आमच्या गावात कोणी मुलगी देत नाही.

"छे छे," मी म्हणालो, "तुम्ही कामात असाल."

"नाही हो, सांगतो की. सांगू?"

"नको, कशाला उगीच तुम्हाला त्रास."

आणि मी खुर्ची पुढे ओढली, वही उघडली, पेन्सिलीला टोक काढलं.

"ठीक आहे तर," प्रिबिल म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवून दिला!

मी बराच वेळ फोन कानाला लावून बसलो.

"काय म्हणाले?" व्हर्नाने विचारलं.

"ठेवला!"

"दोनदाच विचारून?"

"दोनदाच!"

"कुठला म्हणायचा हा माणूस?"

"बोलण्यावरून दक्षिणेकडचा वाटला."

व्हर्नाने मान हलवली. पुन्हा फोन करायचा तर प्रश्नच नव्हता. काय म्हणेल तो? एवढी हाव! मग मी स्वतःच्या डोक्यावर विसंबलो, आणि इथेच सगळं बिनसलं.

मी विचार केला, नोकरी राखून ठेवली म्हणायला सोपं आहे. पण पुरावा? उद्या प्रिबिल तपासणीला आले आणि लायलच्या टेबलावर भलताच माणूस काम करताना दिसला, तर ते काय म्हणतील? म्हणतील, "मिस्टर हाउगेन, जागा तर भरलीत की!" गेला हीटर! तेव्हा त्या टेबलावर कोणी बसायचं नाही. बसायचं तर सोडाच, हातही लावायचा नाही. लायलने जाताना जसं ठेवलं तसं टेबल तो येईपर्यंत राहिलं पाहिजे. मग करखात्याची काय बिशाद!

लायल निघाला त्या दिवशी तो घाईत होता. टोपी खिळ्याला अडकवली, अर्धा खाल्लेला डोनट कागदावर ठेवला, टेबलावरचा दिवा चालूच राहिला. "येतो, ऑरिन," म्हणाला आणि गाडीत बसला. व्हर्ना दिवा बंद करायला पुढे झाली.

"खबरदार!" मी ओरडलो.

"अरे, वीज जळतेय."

"जळू दे! त्याने चालू ठेवलाय. पुरावा आहे तो."

बोटीच्या नांगराचा पांढरा दोर होता, तो मी टेबलाभोवती चारी बाजूंनी बांधला. भिंतीवरच्या कॅलेंडरचं एप्रिलचं पान तसंच ठेवलं. नोकरी कोणाची आहे हे तपासणाऱ्याला कळावं म्हणून लायलचा गणवेशातला फोटो मोठा करून, चौकटीत घालून मध्यभागी लावला. डोनटचा प्रश्न अवघड होता. चार दिवसांत त्यावर हिरवी लव दिसायला लागली. मग मी त्याला बोटीच्या वॉर्निशचे तीन हात दिले. काय चमकायला लागला! पोटात ओढ लागावी असा.

टेबल रस्त्याकडच्या काचेसमोरच. येणाऱ्याजाणाऱ्याला आत गणवेशातल्या तरुणाचा फोटो दिसे, रिकामी टोपी, पांढरा दोर आणि दिवसाढवळ्या जळणारा दिवा. मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही, हे मी शपथेवर सांगतो.

पहिली आली लव्हॉन. लव्हॉन म्हणजे चर्चच्या तळघरातल्या स्वयंपाकघराची सर्वेसर्वा. गावात काहीही झालं तरी सँडविचं किती लागतील हे ती ठरवते. गवताच्या यंत्राचा पट्टा न्यायला आली आणि काचेशीच थबकली. मग आत येऊन तिने डोक्यावरचा रुमाल काढला.

"ऑरिन," ती हळूच म्हणाली, "कधी कळलं रे?"

"झाले की काही दिवस."

"आणि आर्डिसला?"

आर्डिस म्हणजे लायलची आई. "तिला माझ्या आधीच कळलं," मी म्हणालो. "पण खंबीर आहे बाई."

"हो ना," लव्हॉन म्हणाली. पट्टा न घेताच गेली.

आमच्या गावची दुसरी रीत म्हणजे सरळ प्रश्न कोणी विचारत नाही. सरळ प्रश्न विचारणं म्हणजे दुसऱ्याच्या कपाटात डोकावणं! संध्याकाळी दुकानाच्या दाराशी हॉटडिशचं भांडं आलं. खाली खिमा, मध्ये मशरूमचं सूप, वर बटाट्याचे कुरकुरीत गोळे; बाळंतपण असो, आजारपण असो की दफन, आमच्याकडे शेजारी हेच पाठवतात. भांड्याच्या बुडाला चिकटपट्टी आणि पट्टीवर लव्हॉनचं नाव, परत कुणाकडे द्यायचं ते कळावं म्हणून. दुसऱ्या दिवशी तीन भांडी आली, आठवड्यात अकरा!

"पाहिलंस?" मी व्हर्नाला म्हणालो. "गावाला माझ्या देशप्रेमाची कदर आहे."

व्हर्नाने भांड्याकडे पाहिलं. "ऑरिन, हे फार मोठ्या भांड्यातलं आहे."

"मग?"

"कौतुकाचं हॉटडिश एवढं मोठं नसतं."

मी तिकडे लक्ष दिलं नाही. मला मोटरींची चिंता होती. मे महिना आला, तळी मोकळी झाली, मासेमारी सुरू झाली आणि लोक बंद पडलेल्या मोटरी घेऊन रांगेने यायला लागले. मी सगळ्यांना एकच सांगायचो, "ठेवून जा. फेब्रुवारीत लायल आला की पहिलं तुमचंच काम."

गिऱ्हाईक माझ्याकडे पाही, मग फोटोकडे, मग दिव्याकडे. आणि त्याच्या डोळ्यांत पाणी!

"हो, ऑरिन," तो म्हणे. "तो आला की. काही घाई नाही."

आणि माझा खांदा दोनदा थोपटे. आमच्याकडे पुरुष पुरुषाच्या खांद्याला हात लावतो तो लग्नात नाहीतर दफनाला. मला वाटलं, दोन्ही नाही तरी देशभक्ती म्हणून चालत असेल. एकानेही मोटर परत मागितली नाही. वल्ही मारत मासे धरले बिचाऱ्यांनी सबंध उन्हाळा! सप्टेंबरपर्यंत दुकानात एकसष्ट मोटरी झाल्या. पाय ठेवायला जागा नव्हती, आणि धंदा असा काही नव्हताच. पण म्हटलं, होऊ दे. सवलत तर कुठे जात नाही!

पुराव्यात कसर नको म्हणून मी करखात्याला पत्रंही लिहायला लागलो. "कृपया तपासणीला यावे." उत्तर नाही. पुन्हा लिहिलं. एकूण अकरा पत्रं लिहिली. करखात्याला तपासणीचं आमंत्रण देणारा मी त्यांच्या इतिहासातला पहिलाच माणूस असणार.

इकडे आर्डिसकडेही हॉटडिशं जात होती. तिला वाटायचं, मुलगा लांब आहे म्हणून लोक माया करताहेत. ती सगळ्यांना आनंदाने सांगायची, "रविवारी लायलचा फोन आला होता. म्हणाला, फार उकडतंय."

बायका एकमेकींकडे बघायच्या. "म्हणे, फार उकडतंय," लव्हॉन तळघरात डोळे टिपत सांगायची. "बिचारी! कुठून बोलतोय म्हणते कोण जाणे."

ऑक्टोबरात हीटरने शेवटचा खोकला काढला आणि तो गेला. व्हर्नाने कोटावर दुसरा कोट चढवला. मी तिला म्हणालो, "फक्त फेब्रुवारीपर्यंत कळ काढ. लायल परत कामावर आला की फॉर्म पुरा, फॉर्म पुरा की सवलत, सवलत की हीटर!"

"आणि हॉटडिश?" तिने विचारलं. आमचे दोन्ही फ्रीजर भरले होते. लायलचं टेबल सोडलं तर घरात नि दुकानात हॉटडिश नाही अशी जागा उरली नव्हती.

डिसेंबरमध्ये एके दुपारी दुकानाचं दार उघडलं आणि आर्डिस आत आली. आर्डिस शाळेत माझ्या पुढच्या बाकावर बसायची. तिचा चेहरा मी साठ वर्षं पाहतोय, पण इतका पांढरा कधी पाहिला नव्हता. तिच्या हातात एक छापील कागद होता. त्यावर मासा होता, लायलचा फोटो होता, आणि लिहिलं होतं: लायल टोलेफसन स्मृती बर्फमासेमारी स्पर्धा, फेब्रुवारी. जेवणाची सोय चर्चच्या तळघरात.

ती टेबलाकडे गेली. दोर पाहिला, टोपी पाहिली, दिवा पाहिला. आणि मग वळून तिने मला सरळ प्रश्न विचारला. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा!

"ऑरिन, तुला असं काय कळलंय जे मला कळलेलं नाही?"

मंडळी, त्या क्षणी मला ते टेबल पहिल्यांदा दिसलं. सबंध गावाला आठ महिने जे दिसत होतं, ते मला दिसलं. लाज वाटली, इतकी वाटली की अजून तो दिवस आठवला की कानशिलं तापतात.

"काही नाही, आर्डिस! देवाशपथ काही नाही! हे सगळं करासाठी आहे!"

"करासाठी?"

"सवलत आहे. हीटर घ्यायचाय."

तिने व्हर्नाकडे पाहिलं. व्हर्नाने दोन्ही कोटांतून मान बाहेर काढून होकार दिला आणि लायलचा नंबर लावून फोन आर्डिसच्या हातात ठेवला. घंटी वाजत होती, वाजत होती. आम्ही तिघंही श्वास धरून उभे.

"आई?" पलीकडून लायलचा आवाज आला. तोंडात घास होता. "काय झालं? आज तर मंगळवार."

"काय करतोयस?"

"जेवतोय. हॉटडिशसारखं काहीतरी आहे. पण वाईट आहे."

आर्डिस खाली एका मोटरीवर बसली आणि रडायला लागली, मग हसायला लागली, मग दोन्ही एकदमच. "आपल्याकडे भरपूर आहे," ती फोनमध्ये म्हणाली. "तू ये फक्त."

आता तुम्ही म्हणाल, त्याच दिवशी गावाला सांगून टाकायचं. कसं सांगणार? लव्हॉनने स्पर्धेचे कागद छापले होते, चषकावर नाव कोरून आणलं होतं, सँडविचांचा हिशेब झाला होता. तिला तोंडावर सांगायचं, की बाई, तुझं चुकलं? आमच्याकडे असं करत नाहीत.

"मी आडून सुचवते," आर्डिस म्हणाली. रविवारी चर्चमध्ये तिने लव्हॉनला गाठलं. "लव्हॉन, लायल स्पर्धेला असेल गं."

लव्हॉनने तिचे दोन्ही हात हातात घेतले. "असेल, आर्डिस. नक्की असेल. आम्हा सगळ्यांना जाणवेल तो."

सुचवणं तिथेच संपलं.

फेब्रुवारीत स्पर्धेच्या दिवशी तळ्यावर तीनशे माणसं जमली. बर्फाला भोकं पाडून झाली होती. लव्हॉन कर्णा घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, "सुरुवातीला एक मिनिट शांतता." सगळ्यांनी टोप्या काढल्या, माना खाली घातल्या. त्या शांततेत बर्फावरून कुणाचे तरी बूट करकर वाजत आले आणि माझ्याशेजारी थांबले. मी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं, तर लायल! पाठीवर पिशवी, तोंड उन्हाने तांबूस. बसमधून उतरला होता, गाव रिकामं दिसलं म्हणून थेट तळ्यावर आला होता.

"कोण गेलं?" तो माझ्या कानात कुजबुजला.

"नंतर सांगतो," मी म्हणालो.

त्याने टोपी काढली, मान खाली घातली आणि स्वतःसाठी उरलेलं अर्धं मिनिट अत्यंत आदराने शांत उभा राहिला. भला माणूस!

मग आईला कडकडून मिठी मारून आला, तिकीट काढलं आणि एका भोकापाशी जाऊन बसला. शेजारच्या भोकावरच्या माणसाने त्याच्याकडे पाहिलं, गळ टाकला, पुन्हा पाहिलं, आणि थरमासातली कॉफी बर्फावर ओतून टाकली. पण बोलला काही नाही. कोणीच काही बोललं नाही! तीनशे माणसं तीन तास गुपचूप बर्फाच्या भोकात बघत राहिली. आणि लायलला मासा लागला. साधा नव्हे, हातभर लांब वॉलआय! दिवसातला सगळ्यात मोठा.

लायल टोलेफसन स्मृतिचषक घ्यायला लायल टोलेफसन पुढे गेला. लव्हॉनने चषकावरचं नाव वाचलं, समोरच्या माणसाकडे पाहिलं. पुन्हा नावाकडे पाहिलं.

"लायल," शेवटी ती म्हणाली, "वाळलास रे."

"हो, लव्हॉन. तिकडे फार उकडतं."

"आर्डिस म्हणाली होती," लव्हॉन म्हणाली आणि चषक त्याच्या हातात दिला. टाळ्या झाल्या, पण सगळ्यांच्या हातात जाड मोजे, त्यामुळे गाद्या झटकल्यासारखा आवाज आला. त्यानंतर एकेक बाई माझ्याजवळून सहज जाता जाता म्हणून गेली, "ऑरिन, ते माझं भांडं... घाई नाही हं." सत्तेचाळीस भांडी!

सोमवारी लायल कामावर आला. दोराच्या बाहेर उभा राहून त्याने टेबल नीट पाहिलं.

"माझ्यासाठी ठेवलंत?"

"जसंच्या तसं!" मी छाती फुगवून म्हणालो.

"फार केलंत, ऑरिन. खरं म्हणजे जायच्या आधी मी सांगणारच होतो, इथे काचेतून वारा फार येतो. टेबल मागच्या भिंतीला हलवता आलं तर बरं. पण म्हटलं, तुम्हाला कशाला त्रास."

मी काही बोलणार, तेवढ्यात दुकानासमोर सरकारी गाडी थांबली. माझ्या अकरा पत्रांना फळ आलं! मिस्टर प्रिबिल स्वतः आले होते.

"कॉफी घेणार?" व्हर्नाने विचारलं.

"हो," प्रिबिल म्हणाले. पहिल्याच वेळी!

मी त्यांना सगळं दाखवलं. दोर, टोपी, एप्रिल महिना. ते पाहत गेले आणि त्यांच्या भुवया वर जात गेल्या. मग त्यांची नजर त्या चमकदार डोनटवर पडली.

"सकाळपासून खाल्लं नाहीये," ते म्हणाले. "हा घेतला तर चालेल?"

आता पाहुण्याला खायला नको कसं म्हणायचं, तुम्हीच सांगा! मी तोंड उघडलं आणि तोंडातून निघालं, "घ्या की." कट्कन आवाज झाला. डोनटला काहीही झालं नाही.

प्रिबिलनी गाल धरून उरलेली तपासणी केली. "मिस्टर हाउगेन," ते जरा बोबडं बोलत होते, "यातल्या कशाचीच गरज नव्हती. लष्कराचं एक पत्र पुरलं असतं. आणि मधल्या काळात तुम्ही तात्पुरता माणूस ठेवू शकला असता. सगळे ठेवतात. मी फोनवर सांगत होतो की तुम्हाला."

"पण सवलत मंजूर ना?" मी विचारलं. माझं लक्ष व्हर्नाच्या कोटाकडे होतं.

"पूर्ण मंजूर! सगळ्या अटी तुम्ही पाळल्यात. आता तुमच्या गेल्या वर्षीच्या करातून ती वजा करायची." त्यांनी माझे कागद चाळले. पुढे चाळले, मागे चाळले. "पण तुम्हाला गेल्या वर्षी कर लागतच नाही."

"का?"

"काही कमावलंच नाहीत तुम्ही."

दुकानातल्या एकसष्ट मोटरी माझ्याकडे बघत होत्या. व्हर्नाने कोटाचं काढायला घेतलेलं वरचं बटण पुन्हा लावलं.

प्रिबिल मनाने चांगला माणूस. दात दुखत असूनही त्याला माझी कीव आली. त्याने बॅगेतून एक हिरवा फॉर्म काढला. "असं करता येतं. हा भरलात तर न वापरलेली सवलत पुढच्या वर्षीच्या करातून घेता येते. या वर्षी या मोटरी दुरुस्त झाल्या की कर लागेलच तुम्हाला. मी आत्ताच भरून देतो. देऊ?"

"छे छे," मी म्हणालो, "तुमचा दात दुखतोय."

"त्याचं काही नाही. देऊ का भरून?"

"नको हो, कशाला उगीच त्रास."

हे शब्द माझ्या तोंडातून बाहेर पडले आणि पडताना मला ऐकू आले. व्हर्ना काउंटरवरून उठली. लायलने डोळे मिटले. मी प्रिबिलकडे पाहत राहिलो, सबंध आयुष्यात कुणाकडे पाहिलं नसेल इतक्या आशेने.

"बरं तर," प्रिबिल म्हणाले, फॉर्म बॅगेत घातला आणि गाडीत बसून निघून गेले.

फॉर्म मागवता येतो, हे मला माहीत आहे. तीन आठवडे झाले, पत्र लिहून टेबलावर ठेवलंय. पण अकरा पत्रांनंतर बारावं पाठवायचं म्हणजे हावरटपणा दिसेल. लायल मागच्या भिंतीशी बसून मोटरी दुरुस्त करतोय. व्हर्ना दोन कोटांत गल्ल्यावर आहे. दुपारी बारा वाजता ती विचारते, "ऑरिन, हॉटडिश गरम करू?" आणि मी पहिल्याच वेळी हो म्हणतो. नको म्हटलं तर हल्ली तीही दोनदाच विचारते.